कोल्हापुरात देशी वनस्पतींचा मेळावा भरवायचा तर

"सर, हॉल बुक झालाय, आता तुम्ही फक्त या." असा फोन मला वर्षातून एकदा तरी येतो. तारीख विचारली की कळतं, डिसेंबरचा दुसरा शनिवार. डिसेंबरात आमच्या पठारांवर काय असतं? पिवळं पडलेलं गवत आणि गुरांच्या वाटा. मग वनस्पतीशास्त्राची साठ-सत्तर माणसं दोन दिवस पडद्यावर फुलांचे फोटो बघतात, प्रमाणपत्रं घेतात आणि मिसळ खाऊन परत जातात. मिसळीला माझी हरकत नाही.

मेळाव्याची तयारी हॉलपासून सुरू झाली की असंच होतं. इथे मी सांगतोय तो क्रम उलटा आहे: आधी झाडं, मग रान, मग माणसं, आणि छप्पर सगळ्यात शेवटी. अंदाज साठ ते ऐंशी माणसांचा, दोन दिवसांचा आणि कोल्हापूर जिल्ह्यापुरता धरला आहे. सतरंज्या उचलण्यापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळी कामं मी या मेळाव्यांत केली आहेत, आणि चुकाही बऱ्याच केल्या आहेत. त्यातल्या काही खाली येतीलच.

"देशी" कशाला म्हणणार, ते पहिल्याच बैठकीत ठरवा

हे वाटतं तितकं सोपं नाही. आजोबांच्या वेळेपासून बांधावर आहे म्हणून झाड देशी ठरत नाही. सीताफळ अमेरिका खंडातून आलं, मिरचीही तिकडचीच, गुलमोहर मादागास्करचा. चिंच तर आपल्या म्हणींत जाऊन बसली आहे, पण तिचं मूळ आफ्रिकेत मानतात. याउलट ताम्हण, बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, करंज, नांद्रुक, हिरडा, अंजनी, ऐन, किंजळ ही इथलीच.

दोन शब्द वेगळे ठेवा. देशी म्हणजे माणसाने न आणता इथे वाढलेली. प्रदेशनिष्ठ म्हणजे ठरावीक प्रदेशाबाहेर जगात कुठेच न सापडणारी. पळस देशी आहे, पण तो भारतभर आणि भारताबाहेरही आहे. कंदील खर्चुडीच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, काही जाती मात्र सह्याद्रीच्या एका पट्ट्याबाहेर मिळत नाहीत. निमंत्रणपत्रात हे दोन शब्द सरमिसळ वापरले की पहिल्याच सत्रात कुणीतरी उठून वाद घालतो, आणि घालणाऱ्याचं बरोबर असतं.

कोल्हापूर ही या मेळाव्यासाठी जागाही तशीच आहे. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर पूर्वेला शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे गेलात की त्याहून कमी. सकाळी सदाहरित जंगलात जळवा काढायच्या आणि संध्याकाळी बाभळीच्या माळावर उभं राहायचं, हे एका दिवसात जमतं.

तारीख: कालनिर्णय आणि फुलोरा शेजारी ठेवून

पाहुण्यांची सोय, विद्यापीठाच्या परीक्षा, मंत्र्यांचा दौरा, हे सगळं नंतर. आधी कोणत्या वनस्पती बघायच्या ते ठरवा.

मेअखेर ते जून हा कंदवाल्यांचा काळ. पहिला वळीव पडला की रानहळद, मुसळ्या, सापकांदा आणि पाठोपाठ पांढरी आमरी जमिनीतून डोकं काढतात. झाडांवर सीतेची वेणी लोंबत असते. हा मेळावा मोहक, पण तारखेचा भरवसा नाही. पाऊस आठ दिवस लांबला तर लोकांना नुसती ढेकळं दाखवाल.

ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात हा पठारांचा काळ. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा, सोनकी, नभाळी, खर्चुडी, कावळा. पहिल्यांदाच भरवत असाल तर हाच काळ घ्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर गवतांचा. गवताची माणसं थोडी असतात, पण ती आली तर त्यांच्यासाठी वेगळी छोटी शिबिरं घ्या, कारण कणसं पिकल्याशिवाय त्यांना नाव देता येत नाही. फेब्रुवारी ते मे झाडांचा. पळस, पांगारा, अंजनी, मग बहावा, ताम्हण. वयस्क मंडळींना हा हंगाम सोयीचा, चिखल नसतो.

जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टची सुरुवात टाळा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. बाहेरगावची चाळीस माणसं तुमच्याकडे अडकली तर त्यांना फुलं दाखवून दिवस काढता येणार नाहीत. शिवाय जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमण मोहिमांची गर्दी मसाई पठारावरूनच जाते.

आता सप्टेंबरातला नेमका आठवडा. गणपतीत एकही कार्यकर्ता सापडत नाही आणि पोलीस-वनरक्षक बंदोबस्तात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी शहरातली एकूणएक खोली भरलेली असते. मधे उरतो पितृपंधरवडा. लग्नं-मुंजी नाहीत, साखरपुडे नाहीत, सभागृहं ओस, भाडं बोलून कमी होतं, आचारी मोकळे. आणि बहुतेक वर्षी नेमका तेव्हाच सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, फुललेला असतो. अधिक महिना आलेल्या वर्षी हा पंधरवडा बहुतेक वेळा पुढे सरकून ऑक्टोबरात जातो, तेव्हा मात्र गणपतीच्या आधीचा आठवडा बघा.

पितृपंधरवड्यात उद्घाटन करायला आमच्यातल्या एका ज्येष्ठांचा विरोध होता. शेवटी "या दिवसांत कावळा दिसणं चांगलंच की" म्हणून आम्ही त्यांना पठारावर नेलं आणि पिवळा कावळा, म्हणजे स्मिथिया, हातभर अंतरावरून दाखवला. हसले, आणि पुढच्या वर्षीची तारीख त्यांनीच काढून दिली.

कुणाला बोलवायचं

तीन गट हवेत, आणि तिन्ही साधारण सारखे.

पहिला, वर्गीकरणाची माणसं. शिवाजी विद्यापीठ 1962 चं. तिथल्या वनस्पतीशास्त्र विभागाची वर्गीकरणाची परंपरा मोठी. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खर्चुडी, गेंद, मुसळी, गवतं यांवर केलेलं काम देशभर वापरलं जातं, आणि जिल्ह्याची वनस्पतिसूची यादव व सरदेसाई यांनी 2002 साली प्रसिद्ध केली. ती मेळाव्याच्या टेबलावर असलीच पाहिजे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. या ठिकाणांहून प्रत्येकी एखादा तज्ज्ञ आला तरी पुरे. मोठं नाव मिळवण्यापेक्षा वेगवेगळ्या कुळांची माणसं मिळवा: एक गवतांचा, एक ऑर्किडचा, एक शेंगवर्गाचा, एक नेच्यांचा. चार खर्चुडीवाले आले तर खर्चुडीचीच परिषद होते. हे आमच्याकडे झालेलं आहे.

दुसरा गट विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी. डॉक्टर, बँकेतले, शेतकरी, फोटो काढणारे. जिल्ह्यात कुठे काय फुललंय याची ताजी खबर यांच्याकडेच असते.

तिसरा गट बहुतेक ठिकाणी "स्थानिक मार्गदर्शक" म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर बसवला जातो: धनगरवाड्यावरची माणसं, वैदू, गुराखी, वनमजूर. माझं मत स्पष्ट आहे. तज्ज्ञाला जेवढं मानधन, तेवढंच यांना. त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर, त्याच टायपात. राधानगरीकडच्या एका मामांनी आम्हाला पानं नसलेल्या वेलीचा नुसता दांडा चुरगळून, वास घेऊन नाव सांगितलं होतं. आम्ही तिघे भिंगातून बघतच होतो.

नोंदणी शुल्क ठेवा, थोडं का असेना. फुकट असलं की दोनशे नावं येतात आणि पन्नास माणसं.

परवानग्या: दोन महिने आधी, तीन वेगळ्या दारांवर

इथे घाई करू नका आणि ओळखीवर विसंबू नका.

अभयारण्यात जायचं असेल तर वन्यजीव विभाग. राधानगरी अभयारण्य 1958 चं, राज्यातलं सर्वांत जुनं, 351 चौरस किलोमीटरचं, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे आत जाणं, अभ्यास करणं आणि फोटो काढणं यालाही परवाना लागतो. नमुना तोडणं ही त्याहून वेगळी आणि अवघड परवानगी, ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. सप्टेंबरचा मेळावा असेल तर मार्ग आखण्याआधी हे विचारून घ्या. आमचा सल्ला, पहिल्या वर्षी अभयारण्यात नमुने घ्यायचा विचारच करू नका. बघा, फोटो काढा, टिपा.

राखीव जंगल असेल तर प्रादेशिक वनविभाग. गायरान किंवा देवराई असेल तर ग्रामपंचायत, देवस्थानचे मानकरी आणि गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैविक विविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. कित्येक गावांत ती वही कपाटात पडून असते. ती मागून घ्या, तुमच्या यादीने तिच्यात भर घाला. गावाला मेळाव्याचा हा एक खरा उपयोग. खासगी सडा असेल तर मालकाला प्रत्यक्ष भेटा, चहा घ्या. कागद नंतर.

परदेशी पाहुणा येणार असेल तर आणखी एक पायरी आहे. त्याला इथली जैविक सामग्री घ्यायची असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. त्याने खिशात चार बिया टाकल्या तरी अडचण तुमची. स्वागताच्या पत्रातच हे लिहून टाका, विमानतळावर सांगायला लागू नये.

मार्ग: दोन दिवस आधी स्वतः चालून या

आमचा ठरलेला आराखडा असा. शुक्रवारी दुपारी शहर. टाऊन हॉलच्या बागेतली जुनी झाडं, नाहीतर विद्यापीठाची वनस्पती बाग. बाहेरून येणारे टप्प्याटप्प्याने पोचतात, त्यामुळे पहिल्या दुपारी लांब जायचं नाही. शनिवारी पूर्ण दिवस रान. रविवारी सकाळी छोटी फेरी, मग हॉल, दुपारच्या जेवणानंतर निरोप.

शनिवारसाठी मसाई पठार मला सगळ्यात आवडतं. पन्हाळा कोल्हापूर शहरापासून वीसेक किलोमीटर, तिथून पुढे दहाएक. जांभ्या खडकाचा लांबरुंद सडा, त्यावर कुठे बोटभर माती तर कुठे तीही नाही. पावसाळ्याचे तीन-चार महिने खळग्यांत पाणी साठतं आणि त्या पाण्याच्या खोलीप्रमाणे वनस्पतींचे पट्टे पडतात. पाण्यात एक, काठावर दुसरी, ओल्या मातीत तिसरी, खडकाच्या चिरेत चौथी. सीतेची आसवं मातीतल्या बारीक फुग्यांनी किडे पकडतात, दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी. अन्नद्रव्यांची टंचाई असलेल्या जमिनीतले हे मार्ग. विद्यार्थ्यांना पुस्तकातलं एक प्रकरण इथे दहा पावलांत दाखवता येतं.

आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसानही आपणच करतो. ऐंशी माणसं एका खळग्याभोवती उभी राहिली की तिथला गेंद संपला. म्हणून:

एका गटात बाराच्या वर माणसं नकोत. प्रत्येक गटाला एक तज्ज्ञ, एक वाटाड्या, आणि सगळ्यांत मागे चालणारा एक. गट वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सोडा, वेगवेगळ्या दिशांनी.

पाय खडकावर, मातीवर नाही. फोटोसाठी कुणी आडवं पडायचं नाही. हे सगळ्यांत जास्त मोडलं जातं आणि मोडणारे बहुधा सगळ्यांत चांगला कॅमेरा असलेले असतात.

धुकं आलं की पठारावर दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. प्रत्येक गटात दोन शिट्ट्या ठेवा आणि परतीची वेळ ठरवून द्या.

जंगलाच्या वाटेवर जळवा असतात. मिठाची किंवा तंबाखूची पुरचुंडी चालते. चापडा साप फांदीवर हाताच्या उंचीला बसतो, पानासारखाच हिरवा, तेव्हा फांदी धरण्याआधी बघा. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे ना, याची खात्री आदल्या दिवशी फोन करून करा. शहरात सीपीआर रुग्णालय आहे, पण घाटातून तिथे पोचायला वेळ लागतो.

दुर्मीळ जातीची जागा कुणालाही सांगायची नाही. फोटो टाकायचा तर मोबाईलमधलं स्थळ बंद करून. खर्चुडीचे कंद गुराखी पोरं पूर्वीपासून खात आली, त्याने ती संपली नाही. संपते ती जागा कळल्यावर कुंडीसाठी आणि विक्रीसाठी खणणाऱ्यांमुळे. नरक्याचं तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या लाकडातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधं बनतात हे कळलं आणि आमच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतून ट्रकच्या ट्रक निघाले.

ओळखीचं टेबल

मेळाव्याचा जीव मी यालाच मानतो, म्हणून थोडं सविस्तर.

शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ. एक लांब टेबल, वर पांढरं कापड, चांगला उजेड, सहा-सात दहापट भिंगं, दोन डिसेक्टिंग मायक्रोस्कोप (महाविद्यालयं उसने देतात, आठवडाभर आधी पत्र द्या), सुया, चिमटे, पेट्री डिश, पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला पुस्तकं: जिल्ह्याची सूची, थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 या काळात निघालेला मुंबई इलाख्याचा ग्रंथ, आणि ज्याच्याकडे जे असेल ते.

नियम एकच. नाव माहीत नसलेली वनस्पती टेबलावर ठेवायची, शेजारी चिठ्ठी: कुठून, कशात वाढली होती, गावात काय म्हणतात. ज्याला ओळखता येईल तो चिठ्ठीवर नाव लिहील, खाली सही आणि कशावरून ते. "मला वाटतं" चालणार नाही. परागकोश कसा, बी कसं, पानाला ग्रंथी आहेत का, हे लिहायचं. दुसऱ्याला पटलं नाही तर तो खाली आपलं कारण लिहील. एकदा एका गेंदाच्या चिठ्ठीवर पाच सह्या आणि तीन नावं झाली. रात्री साडेदहाला बियांच्या सालीवरची नक्षी मायक्रोस्कोपखाली बघितली तेव्हा कुठे निकाल लागला. बाकी कार्यक्रम विसरले असतील, पण ती चिठ्ठी आमच्याकडच्या पोरांना अजून आठवते.

नावांवरून भांडण होतंच, कारण नावं बदलतात. आपली बाभूळ आता अकेशिया राहिलेली नाही. 2005 साली व्हिएन्नात भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये ते नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे गेलं, 2011 ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि आपली बाभूळ वाचेलिया निलोटिका, खैर सेनेगेलिया कॅटेचू झाला. जुने मास्तर अजून चिडतात. कुकचं नाव कंसात लिहा, म्हणजे दोन्ही पिढ्यांना शोधता येईल.

स्थानिक नावांची वेगळी वही ठेवा. तिला शास्त्रीय नावाइतकाच मान द्या, पण आंधळा विश्वास नको. एकाच नावाची तीन झाडं तीन तालुक्यांत निघतात. नावापुढे गाव लिहिलं नाही तर ती नोंद फुकट.

नमुने वाळवणं, तेही सप्टेंबरात

परवानगी असलेल्या जागेवरूनच, आणि आमचा नियम असा: एका जागी वीस रोपं दिसल्याशिवाय एक घ्यायचं नाही. खर्चुडी, आमरी, गेंद यांचा अख्खा गड्डा कधीच नाही. एक-दोन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत. वाळवल्यावर त्यांची रचना चपटी होऊन कळेनाशी होते.

जागेवरच लिहायचं: क्रमांक, तारीख, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, आणि फुलाचा रंग. रंग महत्त्वाचा, वाळल्यावर उडतो. "घरी गेल्यावर लिहू" म्हणणाऱ्याचा नमुना मी टेबलावर घेत नाही.

वर्तमानपत्रात दाबून प्रेसचे, म्हणजे नमुने दाबायच्या चौकटीचे, पट्टे आवळा. पहिले पाच दिवस कागद रोज बदला. इकडे सप्टेंबरात घरातले कपडे वाळत नाहीत, नमुने कुठून वाळणार? आम्ही पहिल्या वर्षी प्रेस खोलीच्या कोपऱ्यात ठेवून निरोपसमारंभात रमलो आणि चौथ्या दिवशी उघडला तर आत पांढरी बुरशी. सत्तर नमुन्यांतले तीसेक गेले. तेव्हापासून प्लायवूडची पेटी, आत दोन जुन्या पद्धतीचे फिलामेंटचे दिवे, वर भोकं, प्रेसमध्ये नालीदार पुठ्ठे. एलईडी नकोत, त्यांना पुरेशी ऊब नसते. पेटीजवळ माणूस हवा, आग लागू शकते.

वाळलेले नमुने 42 गुणिले 28 सेंटिमीटरच्या शीटवर. आपल्या कपाटात ठेवू नका, मान्य हर्बेरियमला द्या. आपल्याकडे विद्यापीठाचं आहे. घेणाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. अचानक खोकं भरून नेलं तर कुणीही नाक मुरडेल. कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याचं क्षार लावत. ते विषारी आहे, विद्यार्थ्यांच्या हाती अजिबात देऊ नका. डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं की काम होतं.

हॉल आणि भाषणं

फार काही सांगण्यासारखं नाही. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन बाहेरच्यांना सापडायला सोपं, एखादं महाविद्यालय त्याहून स्वस्त. उद्घाटन वीस मिनिटांत. भाषणं पंधरा मिनिटांची, मराठीत, शास्त्रीय नावं फळ्यावर. चारच ठेवा आणि त्यातलं एक तिसऱ्या गटातल्या माणसाचं, ते मुलाखतीसारखं घ्या. शोधनिबंधांची रांग लावली की वाचणारे येतात, ऐकणारे जातात. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर शनिवारच्या चिठ्ठ्यांवर सही असणाऱ्यांनाच द्या. गर्दी आपोआप टेबलाकडे वळते.

हारतुरे नकोत. पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण असेल तर रोप आदल्या दिवशी बघून घ्या. आमच्या एका देशी वनस्पतींच्या मेळाव्यात पाहुण्यांनी मोठ्या प्रेमाने लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी गुलमोहराचं निघालं. नर्सरीतून आणणारा मीच होतो.

जेवण

बाहेरच्यांना एक दुपार तांबडा-पांढरा द्या, नाहीतर कोल्हापूरला आलो असं वाटत नाही. शाकाहाऱ्यांची चूल वेगळी. पण शनिवारी रानातलं जेवण गावातल्या बचत गटाला सांगा: भाकरी, घोळ, तांदळी, कुरडू मिळाला तर कुरडू, भारंगीच्या फुलांची भाजी, आंबाडी. पंधरा दिवस आधी सांगायचं, ताटांची संख्या पक्की द्यायची आणि पैसे जेवण झाल्याबरोबर रोख. प्रत्येक भाजीपुढे तिची ओली फांदी ठेवा. जेवताना जेवढं शिक्षण होतं तेवढं हॉलमध्ये होत नाही, आणि भाजी कशी निवडायची, कोणती उकळून पाणी टाकायचं, हे सांगणाऱ्या बायकाच तिथल्या वक्त्या असतात.

बियांची देवाणघेवाण

रविवारी एक टेबल बियांचं. प्रत्येक पुडीवर नाव, गाव, महिना. गाव नसलेली पुडी घ्यायची नाही, कारण शिरोळच्या कोरड्या माळावर गगनबावड्याचं बी लावून काय होणार? जांभळाचं बी फळातून काढल्यावर काही आठवड्यांतच मरतं, त्यामुळे सप्टेंबरात ते आणणाऱ्याला परत पाठवा. बहाव्याचं बी वर्षभर टिकतं पण साल टणक. गरम पाण्यात रात्रभर ठेवा किंवा सँडपेपरवर घासा. हिरड्याला त्याहून जास्त धीर लागतो.

आणि एक गोष्ट निक्षून सांगा: पठारावर कुणीही बीजगोळे टाकायचे नाहीत, झाडं लावायची नाहीत. सडा ओसाड दिसतो म्हणून लोकांना दया येते. खड्डे घेतात, माती आणून टाकतात, ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर निलगिरी लावतात. पण उघडा, झाडं नसलेला, आठ महिने तापणारा सडा हीच त्याची तब्येत. सावली आली, माती वाढली की गेंद आणि सीतेची आसवं गेली. बॉक्साइटच्या खाणीने सडा जातो तेव्हा सगळ्यांना दिसतं. चांगल्या मनाने लावलेल्या रोपांनी जातो तेव्हा फोटो छापून येतो. देशी झाड लावलं तरी चुकीच्या जागी लावलं तर ते चूकच. करंज, ताम्हण, नांद्रुक लावायला शहरात, बांधावर, शाळेत भरपूर जागा आहे. रानमोडी आणि टणटणी ही बाहेरून आलेली तणं उपटायला तर सगळं रानच मोकळं आहे.

नंतरचे दोन महिने

मेळावा संपल्यावर कामाचा अर्धा भाग उरतो आणि कार्यकर्ते मात्र चौथा हिस्सा. म्हणून दोघांची नावं आधीच ठरवा, त्यांना मेळाव्यात दुसरं काहीच काम देऊ नका.

पहिल्या आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो आणि एक साधी यादी: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, गाव, कुणी ओळखलं. दुर्मीळ जातींपुढे फक्त तालुका. महिनाभरात वनविभागाला आणि गावच्या समितीला छापील प्रत हातात नेऊन द्या. पुढच्या वर्षीच्या परवानगीचं अर्धं काम तिथेच होतं. दुसऱ्या महिन्यात नमुने हर्बेरियमला, आणि आलेले क्रमांक यादीत भरायचे. हिशेब सगळ्यांना पाठवा, तोटा असला तरी.

ज्यांना नाव मिळालं नाही त्या नमुन्यांची वेगळी पानं करून योग्य तज्ज्ञाकडे द्या. आमच्या गेल्या वेळच्या यादीत अशी अकरा होती. दहांची उत्तरं आली. अकरावं एक गवत, कणीस अर्धवट पिकलेलं, मसाईच्या दक्षिण कडेचं. तज्ज्ञांनी पाकीट परत पाठवलं, वर पेन्सिलने लिहून: "ऑक्टोबरअखेर पुन्हा आणा." कॅलेंडरवर खूण केली आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.